छावणीच्या कॅमेऱ्यातून : हारुन फारोकी यांच्या कामाची प्रस्तावना

विसाव्या शतकातल्या मोठ्या अत्याचारांची जी दृश्यं आज जगाच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांतली पुष्कळशी अत्याचार करणाऱ्यांच्याच हुकमावरून टिपली गेली आहेत. ज्यांचा छळ झाला त्यांच्या हातात कॅमेरा क्वचितच होता. आउश्वित्झच्या फलाटावर उतरलेल्या हंगेरियन ज्यूंची छायाचित्रं एसएस या नाझी दलाच्या माणसांनी काढली. वॉर्सा घेट्टोतलं चित्रण १९४२ साली जर्मन पथकानं केलं. अल्जीरियातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांचे चेहरे १९६० साली फ्रेंच लष्कराच्या ओळखपत्रांसाठी टिपले गेले, तेही त्यांना चेहऱ्यावरचा पडदा दूर करायला लावून. हीच चित्रं पुढे पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत, माहितीपटांत गेली आणि तीच आपली आठवण होऊन बसली. प्रचारासाठी किंवा पहाऱ्यासाठी तयार झालेल्या अशा प्रतिमेतून सत्य वाचायचं कसं? ती टाकून द्यावी तर पुरावाच हातचा जातो. जशीच्या तशी वापरावी तर जिनं ती काढवली त्या सत्तेची नजर आपण नकळत उसनी घेतो.

हारुन फारोकी या जर्मन चित्रपटकारांनी आणि दृश्यकलावंतांनी १९६०च्या दशकापासून २०१४ साली मृत्यू येईपर्यंत या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. मराठी वाचकाला हे नाव कदाचित परकं वाटेल, पण त्याचा एक धागा आपल्याकडचाही आहे. त्यांचे वडील भारतातून जर्मनीला गेलेले डॉक्टर होते, आई जर्मन. जन्म ९ जानेवारी १९४४चा, तेव्हाच्या सुडेटनलँडमधल्या आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या नोवी यिचीन गावातला. युद्धानंतर हे कुटुंब काही काळ भारतात आणि इंडोनेशियात राहिलं आणि १९५८ साली हॅम्बुर्गला स्थिरावलं. बर्लिनची चित्रपट अकादमी १९६६ साली सुरू झाली, तिच्या पहिल्या तुकडीत फारोकी होते. दोनच वर्षांनी राजकीय चळवळीपायी त्यांना तिथून काढून टाकण्यात आलं. १९७४ ते १९८४ या काळात ते ‘फिल्मक्रिटिक’ या मासिकाच्या संपादक मंडळात होते. ही दहा वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण पुढच्या त्यांच्या प्रत्येक चित्रपटात हातात पेन्सिल घेऊन बसलेला संपादक दिसतो : ओळ अधोरेखित करणारा, समासात शंका लिहिणारा, मागचं पान पुन्हा उघडणारा.

या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकानं बिचकण्याचं कारण नाही. चित्रपटशास्त्राची परिभाषा ठाऊक नसली तरी अडत नाही. थोडा इतिहास आणि एकच दृश्य पुन्हापुन्हा पाहण्याची तयारी, एवढ्या शिदोरीवर इथे खूप दूरवर जाता येतं.

सामूहिक स्मृती हा शब्दप्रयोग आज वर्तमानपत्रांतही सर्रास येतो. त्याला शास्त्रीय बैठक दिली ती फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्ब्वाक्स यांनी, १९२५ साली. माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवतो आणि चौकट बदलली की आठवणही बदलते, असं त्यांचं प्रतिपादन होतं. याच हाल्ब्वाक्स यांना १९४४ साली गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं आणि मार्च १९४५मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत त्यांचा अंत झाला. फारोकींच्या कामाकडे मी या सिद्धान्ताची पुढची पायरी म्हणून पाहतो. विसाव्या शतकात कुटुंब आणि धर्म यांच्या जोडीला चित्रणाचा साठा ही एक नवी चौकट आली. त्या साठ्यात काय आहे, कुणी भरलं आणि त्यातला कोणता तुकडा पुन्हापुन्हा बाहेर काढला जातो, यावर समाज काय आठवेल हे ठरू लागलं.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला म्हणजे २००७ सालचा ‘आउफशुब’, म्हणजे मुदतवाढ. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा, कृष्णधवल आणि पूर्णपणे मूक आहे. त्यातलं सगळं चित्रण वेस्टरबोर्कचं. हॉलंडच्या ईशान्येकडची ही छावणी डच सरकारनं १९३९ साली जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी उभारली होती. जुलै १९४२मध्ये जर्मनांनी ती ताब्यात घेतली आणि तिथून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे गाड्या सुटू लागल्या. बहुतेक गाड्या मंगळवारी सुटत. एक लाखाच्या आसपास माणसं या वाटेनं गेली, मुख्यतः आउश्वित्झ आणि सोबिबोरला. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठी घरांतून वाचली गेली आहे. तिला आणि तिच्या कुटुंबीयांना ३ सप्टेंबर १९४४ रोजी इथूनच आउश्वित्झला नेलं.

१९४४च्या वसंतात छावणीचा कमांडंट आल्बर्ट गेमेकर यानं छावणीवर एक चित्रपट काढायला सांगितलं. कॅमेरा दिला रुडॉल्फ ब्रेस्लाउअर यांच्या हाती. ते जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू छायाचित्रकार आणि आता इथले कैदी. छावणी किती शिस्तीत चालते, किती उत्पादक आहे, हे दाखवायचा हेतू होता. चित्रणात छावणीचं एक बोधचिन्हही येतं, त्यात धूर सोडणारी कारखान्याची चिमणी आहे. कैदी विमानांचे सांगाडे मोडताना दिसतात, जुन्या तारा सोलताना दिसतात, शेतात राबताना दिसतात. दंतवैद्याचा दवाखाना आहे, प्रयोगशाळा आहे. मैदानावर व्यायाम चालला आहे, रंगमंचावर गाणी-नाच चालले आहेत. आणि मग, त्याच चित्रणात, गाडी भरण्याचं दृश्य आहे.

चित्रपट पुरा झालाच नाही. १९४४च्या शरदात ब्रेस्लाउअर यांनाही पत्नी-मुलांसह पूर्वेकडे पाठवण्यात आलं. त्या कुटुंबातली फक्त मुलगी वाचली. चित्रण मात्र टिकलं. युद्धानंतर त्यातला गाडीचा भाग जगभर फिरला. आलाँ रेने यांच्या १९५६ सालच्या ‘रात्र आणि धुकं’ या प्रसिद्ध माहितीपटातही तो आहे. हसणारे, खेळणारे, गवतावर आडवे पडलेले कैदी मात्र क्वचितच कुणी दाखवले. छावणीविषयी जे सांगायचं होतं त्यात ते बसत नव्हते. दाखवले असते तर छावणीत सारं आलबेल होतं असा समज होईल, ही भीतीही असणार, आणि ती अगदी निराधार होती असं मी म्हणणार नाही.

फारोकींनी हे वगळलेलं चित्रण परत आणलं. त्याला निवेदन जोडलं नाही, संगीत जोडलं नाही. मूळ चित्रणाला आवाज नव्हता म्हणून यालाही नाही. मधूनमधून काळ्या पडद्यावर छोटी वाक्यं येतात आणि तेच दृश्य पुन्हा दिसतं. पहिल्यांदा आपण पाहतो ते कामाला लागलेले कैदी. मग ओळी येतात, आणि दुसऱ्यांदा पाहताना डोळ्यांपुढे भलतंच काही येतं. दवाखान्यातला दंतवैद्य पाहून प्रेतांच्या तोंडातून काढलेलं सोनं आठवतं. सोललेल्या तारांचा ढीग पाहून कापलेल्या केसांचे ढीग आठवतात. दुपारच्या सुटीत गवतावर निजलेली माणसं पाहून इतर छावण्यांतल्या प्रेतांच्या राशी. या प्रतिमा वेस्टरबोर्कच्या चित्रणात कुठेही नाहीत, त्या आपण घेऊन आलो आहोत. सामूहिक स्मृती काम कशी करते हे याहून नेमकेपणानं दाखवणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. आणि कैदी इतक्या जोमानं का राबतात, हेही तिसऱ्यांदा पाहताना कळू लागतं. छावणी उपयोगी ठरली तर ती चालू राहील, आणि ती चालू आहे तोवर आपली पाळी लांबेल. कमांडंटच्या प्रचारात आणि कैद्यांच्या जगण्याच्या धडपडीत असा एक भयंकर मेळ बसला होता. तो नुसत्या गाडीच्या दृश्यातून कधीच दिसला नसता.

गाडीच्या दृश्यात एक मुलगी आहे. डोक्याला फडकं गुंडाळलेली, डब्याच्या दारातून बाहेर पाहणारी. ती पडद्यावर काही क्षणच असते. कित्येक दशकं ती ज्यूंच्या संहाराचं प्रतीक म्हणून छापली गेली. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी कोणती, हे ठरवायला एका पेटीची मदत झाली. एका आजारी बाईला ढकलगाडीवरून नेत आहेत, तिच्या पेटीवर नाव आणि जन्मतारीख रंगवलेली आहे. ही नोंद गाड्यांच्या याद्यांशी ताडून पाहिल्यावर तारीख निघाली : १९ मे १९४४. डच पत्रकार आद वाखेनार यांनी चिकाटीनं शोध घेऊन १९९४ साली त्या मुलीची ओळख पटवली. ती सेटेला स्टाइनबाख, पूर्वी ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांपैकी सिंती समाजातली, नऊ वर्षांची. त्या गाडीतून ज्यूंबरोबर दोनशेहून अधिक सिंती आणि रोमा माणसं आउश्वित्झला गेली होती. सेटेला तिथून परतली नाही. म्हणजे ज्या समाजाच्या संहाराची आठवण युरोपनं फार काळ नीट ठेवलीच नाही, त्याच समाजातल्या मुलीचा चेहरा दुसऱ्या आठवणीचं चिन्ह बनला होता. त्या चेहऱ्यात मृत्यूची चाहूल दिसते, आणि बहुधा म्हणूनच ब्रेस्लाउअर यांनी पुन्हा इतक्या जवळून कुणाला टिपलं नाही, असं फारोकी पडद्यावर लिहितात. हा तर्क आहे, पुरावा नाही. आणि तो आपला स्वतःचा तर्क आहे हे त्यांनी त्याच ओळीत सांगितलं आहे. अभ्यासकानं शिकण्यासारखी गोष्ट हीच.

गेमेकरला १९४९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. वेस्टरबोर्कचं चित्रण २०१७ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत दाखल झालं.

‘आउफशुब’च्या जवळजवळ वीस वर्षं आधी फारोकींनी ‘जगाच्या प्रतिमा आणि युद्धाची नोंद’ (१९८८) हा निबंधपट केला होता. त्याच्या मध्यभागी एक हवाई छायाचित्र आहे. ४ एप्रिल १९४४ रोजी इटलीतल्या फोज्जाहून उडालेलं मित्रराष्ट्रांचं टेहळणी विमान आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या कारखान्याची छायाचित्रं घेत होतं. शेजारीच असलेली आउश्वित्झची छावणीही त्या फिल्मवर उमटली. इंग्लंडमधल्या विश्लेषकांनी वीजघर शोधलं, कृत्रिम रबराचा कारखाना शोधला, त्यांवर खुणा केल्या. छावणीवर कुणी खूण केली नाही, कारण छावणी शोधायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तीनच दिवसांनी, ७ एप्रिलला, रुडॉल्फ व्ह्रबा आणि आल्फ्रेड वेट्सलर हे दोन कैदी छावणीच्या आतल्या कुंपणाबाहेर रचलेल्या लाकडांच्या ढिगात लपले आणि नंतर निसटले. आत काय चाललं आहे याचा सविस्तर वृत्तान्त त्यांनी जगाला दिला. हवेतून घेतलेलं छायाचित्र मात्र कपाटात पडून राहिलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सीआयएच्या दोन विश्लेषकांनी ती जुनी फिल्म काढली आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यावर शब्द लिहिले : गॅस चेंबर, दाहगृह, पहारेकऱ्यांचा मनोरा. कागद तोच होता. बदलला होता तो पाहणाऱ्याला पडलेला प्रश्न.

या छायाचित्राच्या जोडीला फारोकी आउश्वित्झच्या फलाटावरचं दुसरं एक छायाचित्र ठेवतात. त्यात एक स्त्री चालता चालता कॅमेऱ्याकडे वळून पाहते, रस्त्यात कुणी आपल्याकडे पाहिलं तर बाई पाहील तशी. छायाचित्र काढणारा एसएसचा माणूस आहे. हत्या आणि नोंद एकाच यंत्रणेकडे होती, आणि त्या नोंदीतूनच या स्त्रीचा चेहरा आपल्यापर्यंत पोचला आहे. माझ्या मते फारोकींच्या सगळ्या कामातला सर्वांत अस्वस्थ करणारा हा भाग आहे. तो घाईनं ओलांडू नये.

प्रचारयंत्रणा चालू असताना कशी दिसते हे त्यांनी आंद्रेई उजिका यांच्याबरोबर १९९२ साली केलेल्या ‘एका क्रांतीची व्हिडिओचित्रं’ या चित्रपटात पाहायला मिळतं. विषय डिसेंबर १९८९ची रुमानियातली क्रांती. सव्वाशे तासांचं चित्रण जमवून, त्यातून पावणेदोन तासांचा चित्रपट बांधला. २१ डिसेंबरला बुखारेस्टमध्ये हुकूमशहा चाउशेस्कू सज्जात भाषणाला उभे आहेत, समोर जमवून आणलेला प्रचंड जमाव आहे, सरकारी दूरचित्रवाणी थेट दाखवते आहे. अचानक काही गोंगाट होतो. चाउशेस्कूंचा हात वर राहतो, शब्द अडखळतात, चित्र थरथरतं. प्रक्षेपण तुटतं आणि घरोघरी पडद्यावर लाल रंग येतो. कॅमेरा मात्र चालूच असतो आणि गडबड झाली की आकाशाकडे वळायचं, या हुकमाप्रमाणे तो वळतो. फारोकी आणि उजिका दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावतात : लोकांना दिसलं ते, आणि यंत्रात नोंदलं गेलं ते. चार दिवसांनी, २५ डिसेंबरला, चाउशेस्कू पतिपत्नींना गोळ्या घातल्या गेल्या.

त्याच चित्रपटात त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवसापासून आंदोलक दूरचित्रवाणी केंद्रात शिरलेले दिसतात. आता सत्ता त्यांच्या हाती, आणि कॅमेराही. पंतप्रधानांनी दिलेला राजीनामा कॅमेऱ्यात नीट आला नाही म्हणून त्यांना तो पुन्हा जाहीर करायला लावलं जातं. प्रचार फक्त हुकूमशहा करतात असं मानणाऱ्यानं हे दृश्य जरूर पाहावं. उत्साहानं भारलेली, खरोखर मुक्त झालेली माणसंही कॅमेऱ्यापुढे इतिहास सजवू लागतात, आणि पुढच्या पिढीच्या हाती तोच इतिहास लागतो.

बाकीच्या कामांपैकी दोनांचा उल्लेख पुरे. १९६९च्या ‘न विझणारी आग’मध्ये तरुण फारोकी टेबलाशी बसून नापामनं होरपळलेल्या व्हिएतनामी माणसाची साक्ष वाचतात. जखमा दाखवल्या तर प्रेक्षक आधी चित्रापुढे डोळे मिटेल, मग त्याच्या आठवणीपुढे आणि नंतर वस्तुस्थितीपुढेही, असं ते म्हणतात. आणि जळती सिगारेट स्वतःच्या हातावर विझवतात. चाळीस वर्षांनंतरच्या ‘गंभीर खेळ’ (२००९-१०) या मांडणीत अमेरिकी सैनिक संगणकावरच्या आभासी युद्धात आधी लढायला शिकतात आणि परत आल्यावर तशाच आभासी इराकमध्ये बसून मानसिक आघातांवर उपचार घेतात. प्रशिक्षणाच्या चित्रात वस्तूंना सावली आहे, उपचाराच्या स्वस्त चित्रात नाही. आठवण जागवण्यासाठी किती खर्च करायचा, हेही आता अंदाजपत्रकात ठरतं.

या परंपरेची मुळं जुनी आहेत. रशियातल्या एस्फिर शुब यांनी १९२७ साली झारच्या काळातलं चित्रण, त्याच्या घरगुती फिती धरून, वापरून झारशाहीच्या पतनाचा चित्रपट बांधला. शत्रूचंच चित्रण शत्रूविरुद्ध वाचण्याचा तो पहिला मोठा प्रयोग. पण शुब यांना आपला निष्कर्ष आधीच माहीत होता. नव्या सत्तेच्या प्रचारासाठीच त्या काम करत होत्या. फारोकी तिथे वेगळे पडतात. त्यांच्या विरोधात एक आक्षेप वारंवार घेतला जातो, की इतक्या थंडपणे, इतक्या दुरून पाहण्यात बळींच्या दुःखाला जागा कुठे उरते? आक्षेप गंभीर आहे. तरी ‘आउफशुब’ पाहिल्यावर मला तो पटत नाही. त्या कैद्यांना फक्त प्रेत म्हणून न आठवता राबणारी, दमणारी, खेळणारी माणसं म्हणून पाहणं, यात मला पुष्कळ माया दिसते.

मराठी अभ्यासकासाठी या पद्धतीत करण्यासारखं खूप आहे, आणि साहित्य दाराशी आहे. मुंबईत १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आणि अनुबोधपट अनेक दशकं देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहात मूळ चित्रपटाआधी दाखवणं बंधनकारक होतं. धरणांची उद्घाटनं, पूर, कुटुंबनियोजन, आणीबाणीतल्या वीस कलमी कार्यक्रमाची भलामण : दोन-तीन पिढ्यांनी हा देश कसा आठवावा, याची घडण त्यात झाली. त्या चित्रणाच्या कडेला उभी असलेली माणसं कोण, ती कॅमेऱ्याकडे कशी पाहतात, कुठे दृश्य घाईनं कापलं आहे, हे अजून कुणीतरी बसून पाहायला हवं. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंतांच्या गटानं सहकाऱ्यांबरोबर २००८ साली सुरू केलेल्या ‘पॅड.मा’ या व्हिडिओसंग्रहात तर चित्रणाच्या प्रत्येक क्षणाशेजारी टीप लिहिण्याची सोयच आहे. फारोकी स्वतः आंत्ये एमान यांच्याबरोबर केलेल्या श्रमांवरच्या प्रकल्पासाठी बंगळूरपर्यंत आले होते. तिथल्या कार्यशाळेत सहभागींनी एकाच सलग दृश्यात, एक-दोन मिनिटांत, कुणाचं तरी काम टिपायचं होतं. ही शिस्त कुठल्याही महाविद्यालयाच्या वर्गात उद्या सुरू करता येईल.

वाचकांना एकच विनंती आहे. या विषयावरचं पुढचं काहीही वाचण्याआधी ‘आउफशुब’ मिळवून पाहा. आवाज नाही म्हणून पार्श्वभूमीला दुसरं काही लावू नका, आणि पाहून झाला की लगेच दुसऱ्यांदा पाहा. दोन्ही वेळा काय दिसलं ते वहीत वेगवेगळं लिहून ठेवा. दोन टिपणांत जो फरक पडेल, तिथून तुमचा अभ्यास सुरू करा.